नागपूर, पाच दिवस आणि एकोणतीसचा पाढा

गुरुवार

महाराष्ट्र एक्सप्रेस साताऱ्याहून नागपूरला जाते ती अर्धा महाराष्ट्र हिंडून. आई चौऱ्याहत्तर वर्षांची. खिडकीशी बसून तिने दौंड, मनमाड, भुसावळ, अकोला, वर्धा अशी सगळी स्टेशनं मोजली आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य म्हणाली, "भोग असतात बाबा एकेकाचे."

भोग तिच्या धाकट्या भावाचे. मामा नोकरीसाठी चाळीसेक वर्षांपूर्वी नागपूरला आले, इथलेच झाले. शाळेत गणित शिकवायचे. गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर निघाला, ऑपरेशनमध्ये जबड्याचा तुकडा गेला आणि आता 'शेक' चालू आहे. रेडिएशनला नागपुरात सगळे शेकच म्हणतात. एकूण तीस वेळा, सोमवार ते शुक्रवार रोज एकदा. आम्ही पोचलो तेव्हा अठरा झाले होते.

मामा दारात उभे होते. मानेची कातडी एका बाजूने करपल्यासारखी काळी, नाकातून आलेली नळी चिकटपट्टीने गालाला लावलेली. बोलणं कळत नाही म्हणून हातात पाटी. शाळेतल्या मुलांची असते तीच, लाकडी चौकटीची. आईने त्यांच्या चेहऱ्यावरून हात फिरवला आणि "कुठल्या जन्मीचं रे हे..." एवढं म्हणाली तोच मामांनी पाटीवर लिहिलं: "याच जन्मीचं. रोज चार पुड्या, तीस वर्षं."

पुड्या खर्र्याच्या. बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. पानठेल्यावर सुपारीचा चुरा, तंबाखू आणि चुना एका पन्नीत घालून हाताने घासघासून एकजीव करतात. त्याला खर्रा घोटणे म्हणतात. चांगला घोटलेला खर्रा ओलसर आणि पिवळसर दिसतो. विदर्भात तो देतात-घेतात अगदी चहासारखा. जावयाला, साहेबाला, सगळ्यांना.

टेबलावर संत्र्यांची पिशवी होती. आंबिया बहाराची संत्री, बाजार नुसता भरलेला. मामांच्या तोंडात फोड आलेत, आंबट काही चालत नाही. नागपुरात राहून नोव्हेंबरात संत्रं खाता येत नाही, याचाच त्यांना जास्त राग होता. संत्री कुणी आणली विचारलं तर मामी म्हणाली, "ठेलेवाल्यानं. येते दर आठ दिवसानं. बसते, रडते अन् जाते."

शुक्रवार

दवाखान्यात आमचा नंबर अकराला. बाहेरच्या बाकांवर अर्धा विदर्भ बसलेला, शिवाय बालाघाट-छिंदवाड्याकडचे, छत्तीसगडचे. एकमेकांना नाव विचारण्याआधी लोक 'कितवा?' विचारतात. कितवा म्हणजे कितवा शेक.

मामांनी मला मुखवटा दाखवला. प्लॅस्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून एकदाच चेहऱ्यावर दाबून बसवतात. थंड झाली की तुमच्या नाकाडोळ्यांचा ठसा तयार. मग रोज तोच मुखवटा घालायचा आणि तो टेबलाला घट्ट अडकवायचा, म्हणजे मान केसभरही हलत नाही आणि किरण ठरल्या जागीच पडतात. आत तेवढी मिनिटं एकट्यानेच काढायची. भिंतीला एका रांगेत बरेच मुखवटे टांगलेले होते, प्रत्येकावर नावाची पट्टी. मामांचा मी पट्टी न वाचता ओळखला, नाकावरून.

बाहेर आईचं निरूपण सुरू झालं होतं. ती सप्ताहाला बसणारी बाई, कीर्तनातलं सगळं पाठ. शेजारच्या बाईला ती तीन कर्मं समजावत होती. भात्यात पडून असलेले बाण म्हणजे संचित. धनुष्याला लावलेला, अजून हातात असलेला बाण म्हणजे क्रियमाण. आणि सुटला तो प्रारब्ध. सुटलेला बाण ज्ञान्यालाही परत बोलावता येत नाही, तो लागायचाच. म्हणून भोगावं, नाम घ्यावं. दाखला जुना आहे, वेदान्तातला, आणि आई तो सांगते छान, हाताने दोरी ओढून वगैरे.

बाई गडचिरोलीकडची. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मले तं कसलाच शौक नाही जी. पानबी खाल्लं नाही कधी. मंग म्या कोणाले मारला बाण?"

आई म्हणाली, "मागच्या जन्मीचं आपल्याला आठवत नाही ना."

"आठवत नाही त्याची शिक्षा काहून देते मंग?"

आईकडे याला उत्तर नव्हतं. हा काही नवा प्रश्न नाही, तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतून किती शतकं चघळला गेलाय. पण दवाखान्याच्या बाकावर तो ज्या आवाजात आला तसा मी कधी वाचला नव्हता. तेवढ्यात पलीकडे अकरा वर्षांचा एक मुलगा बापाच्या मांडीवरून उठून मामांच्या पाटीशी आला. डोक्याला टोपी, टोपीखाली केस नाहीत. यवतमाळकडचा, पाचवीतला. मामांनी पाटीवर '१७ × ८' लिहिलं, त्याने पुसून '१३६' लिहिलं. मग बराच वेळ दोघांचं तेच. आईने त्या पोराकडे पाहिलं आणि बाणांचा विषय बंद केला तो दिवसभर.

संध्याकाळी घरी मामीने एक गोष्ट काढली. तिचं माहेर अमरावती जिल्ह्यातलं, मोझरीजवळचं. घरात तुकडोजी महाराजांचा फोटो, आणि दिवेलागणीला सामुदायिक प्रार्थना हा लहानपणापासूनचा नेम. गावातल्या सगळ्या जातिधर्मांच्या माणसांनी एका सतरंजीवर ओळीत बसायचं, थोडा वेळ गप्प राहायचं, मग सगळ्यांनी मिळून म्हणायचं. मागण्यापेक्षा बसण्याला महत्त्व. नागपूर विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते हेच तुकडोजी. मामी भाकरी थापता थापता म्हणाली, "महाराजबी कॅन्सरनंच गेले, अडुसष्ट साली. आता त्यायचं कोणतं पाप होतं, सांगा बरं ताई."

ताई, म्हणजे आई, लसूण सोलत राहिली.

मला त्या रात्री जे वाटलं ते इथेच लिहून टाकतो. स्वतःच्या दुखण्याला प्रारब्ध म्हटलं की माणसाला पाठ टेकायला भिंत मिळते. त्याच शब्दाने दुसऱ्याच्या दुखण्याचा हिशोब मांडला की तो दगड होतो. शब्द एकच, फक्त कुणाच्या तोंडी आहे ते बघायचं. कसे आहात विचारायला येणारे पाहुणे हा फरक करत नाहीत. गेल्या दोन महिन्यांत मामांना 'कुठल्या जन्मीचं' असं किती जणांनी ऐकवलं, त्याच्या रेघा त्यांनी कॅलेंडरच्या मागे मारून ठेवल्यात. आईची धरून तेवीस.

शनिवार

शनिवार-रविवार शेक नसतो. शेजारचे काका सकाळीच आले, "जय भीम. ताईंना दीक्षाभूमी दाखवतो, चला." टपाल खात्यातून निवृत्त झालेले, मामांचे तीस वर्षांचे बुद्धिबळाचे भिडू. आई जरा बिचकली, पण बोलावल्यावर नाही म्हणायची तिची रीत नाही. जाताना वाटेत तर्री-पोहे खाल्ले. तर्री म्हणजे चण्याचा लाल रस्सा, तो पोह्यांवर ओततात. आईच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिने प्लेट संपवली.

दीक्षाभूमीचा स्तूप सांचीच्या धर्तीवर बांधलेला, पण आतून पोकळ. एवढ्या मोठ्या घुमटाखाली माणूस आपोआप हळू बोलायला लागतो. १४ ऑक्टोबर १९५६, विजयादशमी. बाबासाहेबांनी इथे भदन्त चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग स्वतः लाखो लोकांना दिली. काकांचे वडील भंडाऱ्याकडून चालत आले होते. बाबासाहेब तेव्हा मधुमेहाने आणि सांधेदुखीने पोखरलेले होते आणि दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला गेले. बावीस प्रतिज्ञा आवारात कोरलेल्या आहेत, त्या आईने एकेक करून वाचल्या. ब्रह्मा-विष्णू-महेशांना देव मानणार नाही, ही पहिलीच. ती वाचून आई दोन पावलं मागे सरकली, मग पुन्हा पुढे होऊन उरलेल्या एकवीस वाचल्या.

आवारातल्या बोधिवृक्षाखाली (त्याचं मूळ श्रीलंकेच्या अनुराधापूरचं) आम्ही बसलो आणि काल बाकावर राहिलेला प्रश्न मी काकांना विचारला. त्यांनी चष्मा पुसला. टपाल खात्यातला माणूस, कुठलंही पत्र नीट पत्त्यावर टाकणारा.

मोळियसीवक नावाचा एक परिव्राजक बुद्धांकडे आला, ते सांगू लागले. त्याने विचारलं, माणसाला जे जे सुख-दुःख होतं ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपलं मत काय? बुद्धांनी आठ कारणं मोजून दिली. पित्त, कफ, वात, या तिघांचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, आपलं वेडंवाकडं वागणं, बाहेरून झालेला आघात आणि आठवं कर्माचं फळ. सगळं पूर्वकर्माचं म्हणणारे जे समोर दिसतं त्याच्या पलीकडे उडी मारतात, असंही म्हणाले. संयुक्त निकाय या बौद्ध ग्रंथात आहे.

"आठातलं एक," काका म्हणाले. "आपण सातांकडे बघतच नाही."

खर्रा कितवा, असं मी मनात मोजलं. सहावा. वेडंवाकडं वागणं. यवतमाळच्या पोराचा मात्र कुठला ते मला ठरवता आलं नाही.

काका पुढे बाबासाहेबांवर आले. कर्म म्हणजे आपण हेतूने केलेली कृती आणि तिचं इथलं फळ, हे त्यांनी मानलं. पण गरीब आणि खालचे म्हटलेले लोक मागच्या जन्मामुळे तसे जन्मले, हे म्हणणं त्यांनी साफ उडवून लावलं, कारण मग त्यांच्या हालांची जबाबदारी समाजावर आणि सरकारवर उरतच नाही. "आमच्या आजोबाला हेच सांगत होते सगळे," काका म्हणाले. "मागच्या जन्माचं फेड. विहिरीचं पाणी मात्र याच जन्मातलं होतं."

आई एवढा वेळ गप्प होती. तिने विचारलं, "मग तुमच्यात प्रार्थना कुणाची करतात?"

"वंदना करतो. मागत नाही काही. बुद्धाला, धम्माला, संघाला शरण जातो, पाच शील स्वतःलाच बजावतो, आणि शेवटी भवतु सब्ब मंगलं."

"म्हणजे आमचं पसायदानच," आई म्हणाली. काका हसले, पण होही म्हणाले नाहीत आणि नाहीही.

परतताना त्यांनी तिला आणखी दोन बाण दिले, तिचे तीन होतेच. एक बुद्धांनी मालुंक्यपुत्त या शिष्याला सांगितलेला. विषारी बाण लागलेला माणूस म्हणाला, मारणारा कुठल्या जातीचा, कुठल्या गावचा, धनुष्य कसलं, हे कळल्याशिवाय बाण काढू देणार नाही. तो विचारता विचारताच मरेल. दुसरा सल्ल सुत्तातला. पहिला बाण शरीराला लागतो आणि त्यावर आपण जो शोक करतो तो दुसरा, आपणच मारून घेतलेला. रिक्षात आई बोटांवर काहीतरी मोजत होती. "पाच झाले," ती म्हणाली.

रविवार

मामांजवळ काका बसले आणि मामीला आम्ही जबरदस्तीने बाहेर काढलं. दोन महिन्यांत ती दवाखाना सोडून कुठे गेली नव्हती. बसने रामटेक, पन्नासेक किलोमीटर.

गडावर माकडं फार, काळ्या तोंडाची. एकाने आईच्या हातातला नारळ इतक्या सराईतपणे काढून घेतला की तिला वाटलं कुणी मदतच करतंय. वर राममंदिर, वाटेत केवल नरसिंहाचं वाकाटकांच्या काळातलं देऊळ, पाचव्या शतकातल्या शिलालेखाचं. शंबूकाची कथाही इथेच जोडतात, गडावरचा धूम्रेश्वर त्याचाच म्हणतात. एका ब्राह्मणाचं पोर गेलं, राम कारण शोधायला निघाला आणि सापडलं काय, तर कुणीतरी शूद्र तप करतोय. तलवार त्याच्या मानेवर. कालच्या घुमटाखालून आल्यावर ही कथा गडावर उभं राहून सोसत नाही. दुःखाचं कारण हवंच असा हट्ट धरला की ते कुणाच्या तरी मानेवर बसतं. आईला मी हे बोललो नाही. ती रामासमोर हात जोडून उभी होती.

खाली बघितलं की अंबाळा तलाव, काठावर देवळं, श्राद्धाला आलेली माणसं. कालिदासाचा रामगिरी हाच, असं परंपरा सांगते. कामात कुचराई केली म्हणून कुबेराने यक्षाला इथे धाडला. मेघदूताच्या पहिल्याच श्लोकात त्या शापाला शब्द आहे 'वर्षभोग्य'. वर्षभर भोगायचा. (रात्री मामांना हे सांगितलं तर त्यांनी पाटीवर लिहिलं: "त्याला तारीख माहीत होती.")

परतताना झाडाखाली डबा सोडला, झुणका-भाकर. मामी खाता खाता थांबली.

"ताई, एक सांगू का? खर्रा मीच आणून देत होती त्यायले. परीक्षेचे पेपर तपासाचे असले की चिडचिड करत. मंग मीच जात होती ठेल्यावर, म्हणत होती, घोट बापा दोन. माह्या हातानं. आता तुमी म्हणता तो बाण, तो म्याच लावला ना धनुष्याले?"

मला वाटलं आई आता काही सप्ताहातलं सांगेल. तिने कनवटीची डबी काढली. मशेरीची. आमच्याकडे जाळलेल्या तंबाखूची पूड बायका दातांना लावतात. आई रोज पहाटे लावते, मी जन्मापासून बघतोय, आणि या चार दिवसांत ती डबी माझ्या डोळ्यांसमोर असून मला दिसली नव्हती.

"बाळू आठ वर्षांचा होता," आई म्हणाली. "दाढ दुखायची. रात्रभर रडायचा. आईला झोप लागावी म्हणून मी त्याच्या दाढेला ही लावायचे. गप्प व्हायचा. मग दुखलं नाही तरी मागायला लागला." डबीचं झाकण तिने उघडलं, परत लावलं. "तू पेपरांपासून मोजतेस. मी कुठनं मोजू?"

दोघी बराच वेळ बसून राहिल्या. मग मामीने तिच्या पुढ्यात भाकरीचा दुसरा तुकडा ठेवला.

बसमध्ये मी विचारलं, "रामाकडे काय मागितलंस?"

"मागितलं काही नाही. बाळूचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली. नंबर कुठला विचारलं असतं तर सांगता आला नसता, म्हणून घराची खूण सांगितली, दारात पेरूचं झाड."

सोमवार

सकाळी आईने मामीकडे टूथपेस्ट मागितली. डबी तिच्या पिशवीतच होती, सामान भरताना मी पाहिली. काही बोललो नाही.

औषधं आणायला धंतोलीत गेलो. गल्लीगल्लीत दवाखाने आणि मध्ये रामकृष्ण मठाचं शांत आवार. दहा मिनिटं आत टेकलो. रामकृष्णांनाही घशाचा कॅन्सर होता, १८८६ साली काशीपूरच्या बागेत ते गेले. गिळता येईना तेव्हा नरेंद्र आणि इतर शिष्य मागे लागले, कालीमातेला एवढं तरी सांगा की दोन घास जाऊ दे. ते विचारायला गेले आणि परत येऊन म्हणाले, मातेने तुम्हा सगळ्यांकडे बोट दाखवलं, एवढ्या तोंडांनी खातोस ते पुरत नाही का? मला लाजच वाटली, असं रामकृष्ण म्हणाले.

दवाखान्याच्या बाकावर ही गोष्ट मी मामांना सांगितली. जरा भीतभीतच, कारण नाकात नळी असलेल्या माणसाला ही गोष्ट सांगावी की नाही याची खात्री नव्हती. त्यांनी पाटी घेतली. "ठीक. तू संत्री खा. पण आंबट लागलं तर तक्रार माझ्याकडे नको."

मग मी इतके दिवस राहिलेला प्रश्न विचारला. मुखवट्याखाली काय करता? नाम घेता का?

त्यांनी लिहिलं: "पाढे. सतरापासून. एकोणतीस संपत आला की दार उघडतं." खाली आणखी एक ओळ: "मध्ये चुकलो तर परत सतरा."

आईने ते वाचलं. तिने काही टिप्पणी केली नाही, जप वगैरे शब्द काढला नाही, आणि मला ते फार बरं वाटलं. मामांना आत बोलावलं. विसावा. जड दार लागलं, वरचा लाल दिवा लागला. बाकावर गडचिरोलीची बाई होती, यवतमाळचा पोरगा बापाला टेकून अर्धवट झोपेत.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की आईचे ओठ हलतायत. कान दिला. सतरा नवे त्रेपन्नासे. ती जुन्या चालीवर म्हणत होती, चौथीत शिकलेल्या. मामी तिच्याकडे बघत राहिली आणि मग तिनेही सूर धरला, तिची चाल वेगळी, अमरावतीकडची. अठराला दोघी जुळल्या. तेवीसला गडचिरोलीची बाई ऐकता ऐकता मान हलवायला लागली. सव्वीसला मामी अडली, आईने तिला ओढून नेलं. एकोणतीसपर्यंत दोघींचा वेग मंदावला होता.

"एकोणतीस पाचे पंचेचाळासे. एकोणतीस सक... चौऱ्याहत्तर... एकशे चौऱ्याहत्तर. एकोणतीस साते..."

दोघी थांबल्या. आईने माझ्याकडे पाहिलं. मला येत नव्हतं. लाल दिवा अजून लागलेला होता.

बापाच्या खांद्यावरून, डोळे न उघडता, पोरगं म्हणालं, "दोनशे तीन."